ॲप नंतर काढा, आधी प्रोग्रामर लोकांची भांडणं ऐका



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळेअभावी जे राहून गेलं, ते इथे लिहितो. व्हिडिओ बघितला नसेल तरी चालेल. लेख जरा लांब आहे, चहा घेऊन बसा. आणि हो, यात माझीही एक चूक आहे, ती सुरुवातीलाच कबूल करतो.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. राजूरहून एक पोरगा वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. वडील कोळसा खाणीतून नुकतेच रिटायर झालेले. पोरगा डिप्लोमा झालेला, दोन-तीन ठिकाणी नोकरी करून सोडलेला. वडिलांच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एक कोटेशन. ॲप बनवून देण्याचे ४ लाख ६० हजार रुपये, वर जीएसटी, वर दर महिन्याचा मेंटेनन्स वेगळा.

पोरगा म्हणाला, "सर, मले ॲप बनवाचं हाये."

कल्पना अशी होती: राजूर-वणी पट्ट्यात चुना, गिट्टी, विटा, रेती यांची वाहतूक सतत चालू असते. त्यासाठी मोबाईलवर ट्रक बुक करायचा. ओला-उबेरसारखं, पण ट्रकचं.

मी वडिलांकडे बघितलं. ते एवढंच बोलले, "सायेब, हे पैसे एकदाच भेटले. तुमी म्हनसान त देतो."

हे ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला. कारण पुढचं वाक्य पोराचं होतं: "तुमच्याच व्हिडिओत होतं ना सर, आता जमाना ॲपचा हाये म्हणून."

होतं. मीच बोललो होतो. "प्रत्येक धंद्याला स्वतःचं ॲप हवं," असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. बोलताना समोर कॅमेरा असतो, कोणाच्या बापाची ग्रॅच्युइटी नसते. त्या दिवशी ती समोर बसली होती.

फोनवरचा सल्ला

मला त्यातलं काही कळत नाही हे मान्य करून मी एकाला फोन लावला. हा राजूरचाच मुलगा. गेली नऊ वर्षं पुण्यात प्रोग्रामर आहे. स्पीकर चालू केला आणि सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग गंभीर झाला.

"काका, नमस्कार. मी ॲप बनवूनच पोट भरतो. आणि मीच तुम्हाला सांगतो, बनवू नका. आत्ता तरी नको." मग पोराला विचारलं, "आजपर्यंत तू किती जणांना ट्रक लावून दिला?"

"अजून नाही दादा. ॲप झालं का सुरू करतो."

"मग आधी फोनवर दहा जणांना लावून दे. तेवढं जमलं तर पुढे बोलू. फोनवर जे जमत नाही, ते ॲपनं जमत नाही."

त्यानंतर तो आणि मी बराच वेळ बोललो. तो म्हणाला, "सर, आमच्या लोकांमध्ये यावर रोज भांडणं होतात. कोणतं तंत्र वापरावं, किती तास काम करावं, घरून करावं की ऑफिसात, नोकरी सोडून स्वतःचं काढावं की नाही. बाहेरच्या लोकांना वाटतं आम्ही नुसता कोड लिहितो. अर्धा वेळ आम्ही एकमेकांशी वाद घालतो."

तेव्हापासून मी हे वाद समजून घ्यायला लागलो. आणि आता माझं ठाम मत झालंय: नवीन धंदा काढणाऱ्यानं प्रोग्रामर लोकांकडून ॲप विकत घेण्याआधी त्यांचं शहाणपण घ्यावं. ते फुकट आहे, आणि बऱ्याच लोकांचे पैसे बुडाल्यावर तयार झालंय. आपल्या बाजारात हरलेला माणूस गप्प बसतो. त्यांच्याकडे हरलेला माणूस सविस्तर लिहून ठेवतो.

कमी तेवढं बरं

आपल्याला वाटतं, प्रोग्रामरला जास्त कोड लिहिला की आनंद होत असेल. अनुभवी माणसाला विचारा, तो उलट सांगेल. लिहिलेली प्रत्येक ओळ म्हणजे दावणीला बांधलेली म्हैस. दूध देवो न देवो, चारा रोज घालावा लागतो. मोबाईल कंपनीनं नवं अपडेट आणलं की ॲप दुरुस्त करा. पेमेंटचे नियम बदलले की दुरुस्त करा. बनवणारा सोडून गेला की नवा माणूस शोधा, आणि तो पहिलं वाक्य हेच म्हणतो, "हे कोणी बनवलंय हो?"

वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरनं १९९२ मध्ये या गोष्टीला एक चांगली उपमा दिली: कर्ज. घाईघाईत काम उरकलं की आज वेळ वाचतो, पण तो उसना घेतलेला असतो. पुढे प्रत्येक बदलाच्या वेळी त्याचं व्याज भरावं लागतं. वेळेवर फेडलं तर कर्ज वाईट नाही. नाही फेडलं तर एक दिवस सगळी मेहनत व्याजातच जाते.

हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्याकडे उधारीची वही घरोघरी आहे. पण आपण फक्त पैशाची उधारी मोजतो. बिल न देता माल दिला, ही उधारी. भागीदारी तोंडी ठरवली, ही उधारी. "रजिस्ट्रेशन नंतर करू" ही पण उधारी. आज सोपं वाटतं, व्याज नंतर सुरू होतं.

सायकल स्टँडचं भांडण

प्रोग्रामर लोकांचा हा एक आवडता शब्द आहे. एखादी चर्चा फालतू गोष्टीवर अडकली की ते म्हणतात, सायकल स्टँडचा रंग ठरवणं चाललंय.

त्यामागची गोष्ट अशी. पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकानं १९५७ मध्ये एका कमिटीचं उदाहरण दिलं. कमिटीपुढे अणुभट्टीचा कोट्यवधींचा खर्च येतो. तो कोणाला कळत नाही, म्हणून दोन मिनिटांत मंजूर. मग येतो सायकल ठेवायच्या शेडचा किरकोळ खर्च. ते सगळ्यांना कळतं, म्हणून त्यावर चर्चाच चर्चा. पुढे १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या प्रकल्पातल्या पॉल-हेनिंग काम्प या प्रोग्रामरनं आपल्या सहकाऱ्यांना हीच गोष्ट लिहून पाठवली, आणि तेव्हापासून हा शब्द त्यांच्यात रूढ झाला.

आता आपल्या पोराकडे या. त्याला मी विचारलं, "कोटेशन आलं, त्याआधी काय काय झालं?" तर तीन बैठका झाल्या होत्या. एक नावावर. एक लोगोवर. एक लोगोतला ट्रक डावीकडे तोंड करून हवा की उजवीकडे, यावर. आणि ट्रकवाल्याला पैसे कोण देणार, किती दिवसांत देणार, मालाचं नुकसान झालं तर कोणाच्या माथी, यावर? शून्य मिनिटं.

हसू नका. माझ्या वर्गात दहा जण असतील तर आठ जण पहिल्या दिवशी धंद्याचं नाव विचारायला येतात. नाव सोपं असतं, त्यावर मावशीपासून मित्रापर्यंत सगळ्यांचं मत असतं. भावाचं गणित अवघड असतं, म्हणून ते "नंतर बघू". तुमच्या बैठकीत ज्या विषयावर सगळे एकदम बोलायला लागतात, तो विषय बहुतेक सायकल स्टँड असतो. ज्यावर सगळे गप्प होतात, तीच तुमची अणुभट्टी.

माणसं वाढवून भट्टी लवकर पिकत नाही

फ्रेड ब्रूक्स हे आयबीएम कंपनीत एका प्रचंड मोठ्या सॉफ्टवेअरचे प्रमुख होते. त्या अनुभवावर त्यांनी १९७५ मध्ये पुस्तक लिहिलं. प्रोग्रामर लोकांमध्ये ते आजही वाचलं जातं. त्यातला मुद्दा थोडक्यात असा: उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं टाकली तर काम आणखी उशिरा होतं. कारण नव्याला शिकवण्यात जुन्याचा वेळ जातो, आणि माणसं वाढली की आपसातलं बोलणंच वाढतं.

राजूरच्या माणसाला हे चुनाभट्टीवरून पटकन कळेल. भट्टीत चुनखडीचा दगड आणि कोळसा भरतात. साधारण ९०० अंशांच्या आसपास दगडातला वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. शुद्ध दगड १०० किलो घेतला तर हिशेबानं ५६ किलो चुना, बाकीचं धुराड्यातून हवेत. आता दगड फोडायला, गाडी भरायला चार मजूर जास्त लावले तर काम लवकर होईल. पण दगड पिकायला जेवढे तास लागतात तेवढे लागणारच. भट्टीभोवती शंभर माणसं उभी केली म्हणून दगड लवकर पिकत नाही. घाई करून काढला तर आत कच्चा राहतो, आणि गिऱ्हाईक परत करतो.

तुमच्या धंद्यात काय भरण्यासारखं आहे आणि काय पिकण्यासारखं, हे वेगळं करा. पत्रकं वाटणं, पॅकिंग करणं, माल चढवणं ही भरण्याची कामं. माणसं लावा, वेग वाढेल. गिऱ्हाईकाचा विश्वास, हाताला येणारी सफाई, बाजारातली पत ही पिकण्याची कामं. त्यावर पैसा ओतून वेळ विकत घेता येत नाही. ॲप काढलं की विश्वास लगेच येईल, असं त्या पोराला वाटत होतं. ट्रकवाले त्याला ओळखतही नव्हते.

चूक झाली, तर लिहून ठेवा

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब नावाच्या कंपनीत एका कर्मचाऱ्यानं रात्री उशिरा काम करताना चुकून चालू डेटाबेसच पुसून टाकला. बॅकअप बघायला गेले तर एकामागून एक व्यवस्था बंद पडलेल्या निघाल्या. गिऱ्हाइकांचा सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. आपल्याकडे काय झालं असतं? त्या पोराला हाकललं असतं आणि "तांत्रिक अडचण" असं सांगून विषय संपवला असता. त्यांनी काय घडलं, कुठे चुकलं, बॅकअप का चालला नाही, हे सगळं जगापुढे मांडलं. दुरुस्तीचं काम चालू असताना ते लोकांना थेट दाखवलं. त्या कर्मचाऱ्याला बळीचा बकरा केलं नाही.

प्रोग्रामर लोकांमध्ये ही पद्धतच आहे. मोठी गडबड झाली की नंतर बसायचं आणि लिहायचं: काय झालं, कधी कळलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलायचं. "कोणी केलं" हा प्रश्न शेवटी, बऱ्याचदा नाहीच.

आता आपल्याकडचं बघा. कळीचा चुना ट्रकमध्ये भरला, वाटेत पाऊस आला, ताडपत्री फाटकी होती. चुना पाणी ओढतो, तापतो, फुगतो, फुटून त्याचं पीठ होतं. माल गेला. मालक काय करतो? ड्रायव्हरला शिव्या, पगारातून कपात. पुढच्या पावसात पुन्हा तेच, फक्त ड्रायव्हर वेगळा. कारण ताडपत्री निघण्याआधी कोणी तपासायची, हे ठरलेलंच नसतं. शिव्या दिल्यानं ताडपत्रीचं भोक बुजत नाही.

एक वही करा. तिला "गडबड वही" म्हणा. त्यात नुकसान, तारीख आणि काय बदललं, एवढंच लिहा. माणसाचं नाव लिहू नका. वर्षभरानं वाचा. कोणत्याही कोर्सपेक्षा जास्त शिकाल, माझ्या कोर्सपेक्षाही.

मुनीमजी उद्या आलेच नाहीत तर?

प्रोग्रामर लोक एक विचित्र प्रश्न विचारतात: आपल्यातले किती जण उद्या बसखाली आले तर काम बंद पडेल? उत्तर "एक" असेल तर काम धोक्यात आहे. म्हणजे सगळी माहिती एकाच डोक्यात आहे.

आपल्याकडे ते डोकं मुनीमजींचं असतं, नाहीतर मालकाचं स्वतःचं. कोणाकडून किती येणं आहे, कोणता व्यापारी चेक बाऊन्स करतो, कोणत्या भट्टीचा माल कच्चा निघतो, सगळं तोंडपाठ. आपण त्याचं कौतुक करतो. पण मालक आठ दिवस दवाखान्यात ॲडमिट झाला की बायकोला कपाटाची किल्ली सापडते, हिशेब सापडत नाही. अशी घरं मी बघितली आहेत. धंदा बुडाला नव्हता, मंदीही नव्हती. फक्त येणी कोणाकडे होती ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि ज्यांच्याकडे होती ते बोलले नाहीत.

आज रात्रीच घरातल्या एका माणसाला तुमची वही समजावून सांगा. बायको असो, भाऊ असो, आई असो. ॲपपेक्षा हे जास्त जरुरी आहे.

तासांचं भांडण

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी म्हटलं की देशातल्या तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायची तयारी ठेवावी. त्यावर प्रोग्रामर लोकांमध्ये जे रण माजलं ते अजून शांत झालेलं नाही. एक बाजू म्हणते कष्टाशिवाय काही होत नाही. दुसरी म्हणते, थकलेला माणूस रात्री अकराला जी चूक करतो ती निस्तरायला सकाळचे चार तास जातात.

आपल्या दुकानदाराला ७० तासांचं काही वाटणार नाही. सकाळी आठ ते रात्री दहा, सातही दिवस, गुणाकार करून बघा: ९८ तास होतात. आपण त्याला मेहनत म्हणतो. मी पण म्हणायचो. पण त्या पुण्याच्या मुलानं मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे रात्री सिस्टीम बंद पडली तर फोन कोणी उचलायचा, याची पाळी लावलेली असते. या आठवड्यात तू, पुढच्या आठवड्यात मी. ज्याची पाळी नाही तो झोपतो. आपल्याकडे पाळीच नाही. फोन कायम एकाचाच, आणि तो जेवतानाही चालू.

दोघं भाऊ धंद्यात असाल तर पाळी लावा. एकटे असाल तर बंद करायची वेळ ठरवा आणि पाटीवर लिहा. पहिले पंधरा दिवस गिऱ्हाईक कुरकुर करतं, मग वेळेत येतं.

नोकरी सांभाळून जोडधंदा करणाऱ्यांसाठी आणखी एक. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोच्या ऋषद प्रेमजींनी सांगितलं होतं, की त्याच वेळी स्पर्धक कंपनीसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना त्यांनी काढलं. म्हणून जोडधंदा सुरू करायच्या आधी तुमचं नेमणूक पत्र काढून वाचा. परवानगी लागत असेल तर मागा. आणि मालकाच्या धंद्याशी टक्कर देणारा जोडधंदा नोकरीत असताना करू नका. ते कायद्यानंही धोक्याचं आणि माणुसकीनंही बरोबर नाही.

मला त्यांचं काय पटत नाही

सगळंच डोक्यावर घ्यायचं नाही. या लोकांच्या बोलण्यात एक आंधळी जागा आहे. त्यांच्या खात्यात एक तारखेला पगार येतो. म्हणून "आवडेल तेच करा, हळूहळू करा" हे सांगणं त्यांना सोपं जातं. ज्याच्या घरी सोसायटीचं कर्ज आहे त्याला हळूहळू परवडत नाही.

अर्थात तीही खात्री आता राहिलेली नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या वर माणसं कमी करणार असं जाहीर केलं. आपल्या भागातल्या आईबापांना वाटायचं, पोरगं पुण्याला कंपनीत लागलं की सुटलो. आता तिथली पोरंही विचारतात, "सर, गावाकडे काय करता येईल?" त्यांना मी सांगतो, ये, पण लॅपटॉप उघडायच्या आधी महिनाभर बाजारात उभा राहा.

याचं मला पटलेलं उदाहरण म्हणजे क्विक हील. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूर भागातले कैलास काटकर. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम शिकले, १९९० च्या सुमारास स्वतःचं छोटं दुरुस्तीचं दुकान टाकलं, मग कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये पुन्हा पुन्हा व्हायरस सापडायचे. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते, त्यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला. तोच पुढे वाढत गेला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. बघा क्रम कसा आहे: आधी दुकान, मग गिऱ्हाइकाचं रोजचं दुखणं, आणि मग प्रोग्राम. आपला पोरगा उलट्या बाजूनं चालला होता.

आणि कोणी याचा अर्थ "सर तंत्रज्ञानाच्या विरोधात गेले" असा काढू नका. यूपीआय वापरा, व्हॉट्सॲप बिझनेस वापरा, गुगल मॅपवर दुकान टाका, उद्यम नोंदणी करा. यूपीआयनं साधे पैसे घ्यायला किंवा उद्यम नोंदणीला सरकारी फी नाही. उद्यमसाठी कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर ती त्याची स्वतःची कमाई आहे, सरकारची नाही. जे दुसऱ्यानं बनवून ठेवलंय ते आधी पूर्ण वापरा. ते कमी पडायला लागलं, की स्वतःचं बनवायचा विचार करा.

त्या पोराचं काय झालं

ॲप झालं नाही. वडिलांचे बहुतेक पैसे पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत गेले. पोराला मी एक दोनशे पानी वही दिली आणि सांगितलं, दोन महिने फक्त फोनवर ट्रक लावून दे, आणि प्रत्येक फोन लिही.

तो नाराज होता. पहिल्या पंधरवड्यात दोन वेळा फोन करून म्हणाला, "सर, यात काही दम नाही." मी म्हटलं, लिहीत राहा.

दोन महिन्यांनी वही घेऊन आला. वहीनं जे सांगितलं ते चार लाखांचं ॲप सांगू शकलं नसतं. ट्रक मिळत नाही, हा प्रश्नच नव्हता. भट्टीवाल्यांचे ट्रकवाले वर्षानुवर्षांचे ठरलेले होते, ते बदलायला कोणी तयार नव्हतं. अडचण दुसरीकडे होती. माल टाकून ट्रक रिकामा परत यायचा आणि डिझेल अंगावर पडायचं. दुसरी अडचण ताडपत्रीची. अवकाळी आला की सगळ्यांची धावपळ, आणि चांगली ताडपत्री वेळेवर मिळत नाही.

आज तो परतीच्या फेरीचा माल फोनवर जुळवून देतो आणि फेरीमागे कमिशन घेतो. सोबत ताडपत्र्या शिवून देतो आणि भाड्यानंही देतो. सुरुवातीला साठ-सत्तर हजार लागले, तेवढेच वडिलांनी दिले. घर चालेल एवढं सुटतं. फार मोठं काही झालेलं नाही, आणि पुढे किती वाढेल ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. तो प्रकार मी सोडलाय.

परवा वडील वणीच्या बाजारात भेटले. म्हटलं, "काका, कसं काय चाललंय?" म्हणाले, "पोरगं रात्री वही लिवते सायेब. पहिले मोबाईल पाहे, आता वही पाह्यते." मला वाटतं, आजवर मिळालेल्या लाइक्सपेक्षा हे वाक्य जड आहे.

आणि तो पुण्याचा मुलगा? त्याला मी सांगितलं की तुझ्या सल्ल्यानं एका ॲपचा धंदा गेला. तो म्हणाला, "सर, जे ॲप बनलं नाही ते कधी बिघडत नाही."

या आठवड्याचा गृहपाठ

एक वही घ्या. चार रकाने पाडा: कोणी विचारलं, काय मागितलं, मी काय दिलं, कुठे अडलं. तीस दिवस भरा. महिनाअखेरीस चौथा रकाना मोठ्यानं वाचा, शक्य असेल तर घरच्यांसमोर. तिथे जे पुन्हा पुन्हा येईल, तो तुमचा धंदा. त्याला ॲप लागतं की ताडपत्री, हे वहीच सांगेल.

आणि "प्रत्येक धंद्याला ॲप हवं" म्हणणारा माझा तो जुना व्हिडिओ मी काढून टाकलेला नाही. खाली पहिल्याच ओळीत लिहिलंय: यातलं माझं मत चुकीचं होतं, का ते या लेखात वाचा. गडबड वहीतली माझी पहिली नोंद तीच आहे.

तुमची पहिली नोंद कोणती, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत.